सोलापूरच्या उन्हात मऊ कॅरॅमल

कॅरॅमल मऊ राहणार की दातांना चिकटणार, हे शेवटच्या दोन-तीन अंशांवर ठरतं. जाड बुडाच्या कढईत 200 ग्रॅम साखर, दोन चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब घाला. लिंबामुळे साखरेचे खडे धरत नाहीत. रंग मधासारखा झाला की गॅस बारीक करून 120 मिली कोमट क्रीम हळूहळू ओता. भसकन फेस येतो, तेव्हा कढई खोलगटच हवी. मग 60 ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घालून ढवळत आटवा.

थर्मामीटर असेल तर 118 अंशांवर उतरवा. एप्रिल-मेमध्ये मात्र 120 पर्यंत जाऊ द्या, नाहीतर आपल्या उकाड्यात वड्या पसरतात. थर्मामीटर नसेल तर कॅरॅमलचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघा. पाणी बर्फाचं घ्या. टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की गोळी फसवते.

भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट घातलंत तर मला विचाराल तर दुकानातल्या टॉफीपेक्षा सरस. तूप लावलेल्या ताटात थापून, गार झाल्यावर कापा. प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.