साठीनंतर बासरीची फुंक कशी बसवावी

पहिले दोन महिने माझ्या बासरीतून नुसता वारा निघत होता. शहापुरातल्या घराच्या माडीवर रोज संध्याकाळी तासभर फुंकायचो आणि डोकं गरगरलं की बसून राहायचो. शेवटी शेजारच्या वयनींनीच सांगितलं, "काका, वारा येतोय खरं सूर येईना." आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. त्यांनी दोष अचूक पकडला होता.

उतारवयात बासरी धरणाऱ्याला वाटतं, आपला दम कमी पडतोय. मग तो आणखी जोर लावतो आणि फुंक आणखी बिघडते. बासरी वाजते ती हवेच्या धारेवर. ओठांतून निघालेली बारीक, सपाट धार फुंकायच्या छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटते, कधी आत तर कधी बाहेर झुकते आणि त्यामुळे नळीतली हवा थरथरू लागते. धारच विस्कटलेली असेल तर कितीही जोर लावा, फुसफुसच ऐकू येणार. म्हणून आधी धार घडवायची.

पहिले आठ दिवस बासरीला हात लावू नका. भाजलेले शेंगदाणे चोळून आपण तळहातावरची सालं फुंकतो, ते आठवा. ती फुंक रुंद असते, सगळी सालं एकदम उडतात. आता थोडी सालं तळहातावर अंतर ठेवून पसरा आणि मधलं एकच उडेल, बाजूची जागची हलणार नाहीत, इतकी फुंक बारीक करा. हे करताना ओठांचे कोपरे किंचित घट्ट होतात आणि मधला भाग मऊ राहतो. ही ठेवण आरशात नीट बघून घ्या. गाल फुगता कामा नयेत आणि हसल्यासारखे ओठ ताणलेलेही नकोत. नंतर वीतभर अंतरावर निरांजन ठेवून फुंका. ज्योत विझू न देता वाकवायची आणि आठ-दहा सेकंद तशीच वाकलेली धरायची. हे दोन-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

बासरी घेताना सौंदत्तीच्या जत्रेतली खेळण्यातली घेऊ नका. फुंकायच्या छिद्राच्या कडेवर नख फिरवून बघा; कड खरखरीत लागली तर धार तिथंच फाटते. मैफलीत दिसणारी लांब, खर्जाची बासरी पन्नालाल घोष यांनी शास्त्रीय संगीतात रूढ केली. तिचा सूर मोह घालतो, पण तिच्या छिद्रांवर बोटं फार ताणावी लागतात. सांधे धरलेल्या हातांनी पांढरी पाचची, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, साधारण दीड फुटाची बासरी घ्यावी.

आता बासरी ओठांना लावायची. बोटांची सगळी छिद्रं मोकळी ठेवा. फुंकायचं छिद्र दोन्ही ओठांच्या बरोबर मध्ये आणा, मग बासरी हळूहळू बाहेरच्या बाजूला फिरवत न्या. छिद्राची अलीकडची कड खालच्या ओठाच्या लालसर भागाच्या सीमेवर टेकली, की थांबा. खालच्या ओठानं छिद्राचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला गेला पाहिजे. निरांजनावर घातली होती तीच फुंक इथं घाला. सूर नाही आला तर जोर वाढवू नका, बासरी केसभर आत-बाहेर फिरवा. आत फिरवली की सूर उतरतो आणि कोंडतो, बाहेर नेली की चढतो आणि त्यात हवा मिसळते. मधे कुठंतरी एक जागा सापडते, तिथं बासरीचं लाकूड बोटांखाली थरथरल्यासारखं जाणवतं. ती जागा ओठांच्या नेमकी मध्यभागी नसेल, थोडी बाजूला असेल, तरी चालतं. प्रत्येकाचे ओठ वेगळे असतात.

जागा सापडली, की बासरी खाली घ्या आणि पुन्हा लावून तीच जागा शोधा. असं दहा वेळा करा. एकदा लागलेला सूर धरून बसण्यापेक्षा या दहा खेपांतून ओठ लवकर शिकतात. बासरी ओठांवर दाबू मात्र नका. वाजवून झाल्यावर ओठाखाली पांढरा वळ दिसला, तर दाब जास्त झाला असं समजा.

नंतर वरची, म्हणजे फुंकायच्या छिद्राकडची, तीन छिद्रं बोटांनी झाकून सा लावा. फोनवर तानपुरा सुरू ठेवा, चार मात्रांचा सा लावा, चार मात्रा विश्रांती घ्या. ओठांभोवतीचे स्नायू या वयात लवकर थकतात, आणि थकले की धार रुंद होते. त्यामुळे सलग तासभर बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका करा. चक्कर आल्यासारखं वाटलं, तर लगेच थांबून साधा श्वास घ्या. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दम पुरत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना मी सुळेभावीचं नाव सांगतो. बेळगावजवळच्या याच गावात 1924 साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. पुढे क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं, तरी ते पुन्हा गायले आणि लहान लहान स्वरवाक्यांत त्यांनी अख्खा राग उभा केला. आपणही दोन-दोन, तीन-तीन स्वरांचेच तुकडे वाजवावेत.

कवळी असेल तर ती लावूनच सराव करा, कारण ओठांना आतून आधार दातांचा असतो. नवी कवळी आली की ओठांची ठेवण बदलते. मग चार दिवस शेंगदाण्याच्या सालांकडे परत जा, त्यात कमीपणा नाही. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

तारसप्तक, म्हणजे वरच्या पट्टीतले स्वर, जोरानं काढायचं नसतं. ओठ किंचित पुढे येतात, मधली फट लहान होते आणि तेवढ्याच हवेचा वेग वाढतो. मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला, मात्र सहाही छिद्रं पक्की झाकावी लागतात आणि फुंक सैल, गरम लागते, चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर सोडतो तशी. त्यातही ओठांची फट पसरू द्यायची नाही. हा स्वर सगळ्यात शेवटी येतो. मला सात महिने लागले.

डिसेंबरच्या पहाटे बासरी गार असते तेव्हा सूर खाली लागतो. दोन मिनिटं तिच्यात ऊन श्वास सोडून मगच तानपुऱ्याशी मिळवा. वाजवून झालं की काठीला सुती कापड गुंडाळून आतला ओलावा पुसा. खानापूरकडच्या पावसात ओली बासरी खोळीत राहिली तर बुरशी धरते. अथणीच्या उन्हाळ्यात बांबू तडकतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी आतून मोहरीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. फुंकायच्या छिद्राच्या कडेवर तेल साचलेलं असेल तर ते मात्र लगेच टिपून घ्या.