'चार रिळांचा चित्रपट' म्हणजे किती मिनिटांचा?

माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. घरीसुद्धा 'अर्ध्या रिळात आलोच' म्हणून बाहेर पडायचे. जुन्या जाहिरातीत किंवा सेन्सॉरच्या दाखल्यावर चित्रपटाची लांबी रिळांत दिसली, तर ती मिनिटांत कशी काढायची, ते सांगतो.

आधी फूट शोधा. रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायचं चाक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका रिळावर साधारण १००० फूट फिल्म धरायची पद्धत पडली. थिएटरांना चित्रपट रिळांच्या हिशेबानं मिळू लागले आणि 'एक रिळी', 'दोन रिळी' ही मापंच होऊन बसली. पण रीळ पूर्ण भरलेलंच असतं असं नाही. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चार रिळांचा, पण लांबी ३७०० फूट. दाखल्यावर मीटर असतील तर ३.२८ नं गुणा.

आता वेग. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक चित्र) बसतात. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. त्यामुळे फुटांना ९० नं भागा. मूकपटाच्या कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा: एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. म्हणजे १६ चौकटी, सेकंदाला बरोबर एक फूट! इथे ६० नं भागायचं.

'राजा हरिश्चंद्र'ला हे लावून पाहा. ९० नं भागलं तर ४१ मिनिटं, ६० नं भागलं तर जवळजवळ ६२. हल्ली सगळीकडे छापलं जाणारं 'चाळीस मिनिटं' बोलपटाच्या वेगाशी जुळतं. फाळक्यांच्या प्रेक्षकांनी तो तासभर पाहिला असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते, आणि एकवीस मिनिटांचा हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

अर्थात हाताचा वेग एकसारखा नसे, म्हणून मूकपटाला एकच आकडा देऊ नका. 'अमुक ते तमुक मिनिटं' असं लिहा.

चित्रपट उपलब्ध असेल तर डोळ्यांनीही पडताळा. 'कालिया मर्दन' (१९१९) लावा आणि कृष्ण झालेल्या मंदाकिनी फाळके यांचे हावभाव बघा. माणसं धावल्यासारखी चालत असतील, तर प्लेअरचा वेग ०.७५ करा. २४ च्या १८ चौकटी होतात आणि चाल बहुधा माणसासारखी दिसू लागते.