आजोबा हिरवे का दिसतायत? घरच्या प्रिंटरवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापताना

आत्याला आजोबांच्या जुन्या स्टुडिओ फोटोच्या चार कॉप्या हव्या होत्या. म्हटलं घरात टँकवाला प्रिंटर आहे, ग्लॉसी कागद पडलेला आहे, दहा मिनिटांचं काम. रात्री ट्यूबलाइटखाली प्रिंट एकदम झकास वाटली आणि सकाळी खिडकीपाशी नेली तर आजोबांची पांढरी टोपी चक्क हिरवट. आत्या म्हणाली, "अरे, दादांना शेवाळं धरलंय का?" त्यानंतर अर्धं पाकीट कागद वाया घालवून जे कळलं ते लिहितोय.

आधी हे का होतं ते. साध्या टँक प्रिंटरमध्ये चारच शाया असतात. फोटो पेपर निवडला की ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) करडा रंग नुसत्या काळ्या शाईतून काढत नाही, निळी, गुलाबी (मजेंटा), पिवळी मिसळून काढतो, आणि त्या तिघींचा तोल जरासा जरी गेला तरी झाक येते. त्यात पुन्हा हे मिश्रण ट्यूबखाली वेगळं दिसतं आणि उन्हात वेगळं. काही मॉडेल्समध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची असते आणि बाकीच्या डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंट ग्लॉसी कागदात मुरत नाही, वरच बसते, बोट लागलं की पुसते, म्हणून ग्लॉसी निवडलं की असा प्रिंटर काळ्या टाकीला हातच लावत नाही, सगळा काळा तीन रंगांतूनच बनवतो आणि तो साहजिकच मेंगळट येतो. नवीन प्रिंटर घ्यायचाच असेल तर वेगळी करडी शाई असलेला बघा, एप्सनचा एल ८१८० किंवा कॅननचा जी ६७०, या कामात त्या एका टाकीने बराच फरक पडतो. पण आहे त्यातही भागतं.

आता फोटो कॉम्प्युटरवर घेणं. ऑल-इन-वन प्रिंटरच्या स्कॅनरला काचेपासून लांबचं स्पष्ट दिसत नाही, फोटो वाकलेला असेल आणि काचेपासून जरा जरी वर राहिला तरी तेवढा भाग धूसर येतो, तेव्हा वर जाड पुस्तक ठेवून दाबा. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, हे फार कमी लोक करतात. जुन्या फोटोवरचे पिवळे डाग स्कॅनच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन चॅनेल्सपैकी ब्लू चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि रेडमध्ये जवळजवळ गायब होतात, त्यामुळे गिंप या फुकट फोटो एडिटरमध्ये मोनो मिक्सर उघडून रेड पूर्ण आणि बाकी दोन शून्य केलं की अर्धी साफसफाई फुकटात होते. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका हां, इमल्शन (चित्राचा वरचा थर) काचेवर राहतं आणि नुसता कागद हातात येतो. आमच्या फोटोचा खालचा कोपरा असाच चिकटलेला, मी फ्रेम खिडकीच्या बाजूला उभी करून समोर काळी चादर धरायला लावली (म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब नको) आणि कॅमेऱ्याने काढला. आणि फाइल कोणाकडून व्हॉट्सॅपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून आली की तिचा पार चुरा होतो. चार बाय सहाच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल तरी हवेत.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे नेमका तोच गाळतात. थेट फोटो छापू नका, आधी चाचणीची पट्टी छापा. डार्करूमवाले हेच करायचे, उटीला बनणाऱ्या इंदू या फोटो कागदाची एक चिंधी कापून तिच्यावर दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर वाढवत जायचे आणि मग कुठलं बरं ते ठरवायचे. आपण कॉम्प्युटरवर छोटे चौकोन करायचे (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा), एका टोकाला ०, ५, १०, १५, २०, २५, ३० असे काळे, दुसऱ्या टोकाला २४०, २४५, २५०, २५५ असे पांढरे, मध्ये १२८ चा करडा. ए फोरचे चार तुकडे केले की एकेका तुकड्यावर एकेक पट्टी मावते, कागद वाचतो. छापून झाल्यावर लगेच निकाल लावू नका, तासभर सुकू द्या, ओली शाई वेगळीच दिसते, आणि मग खिडकीच्या उजेडात बघा. माझ्या मॅट कागदावर ० पासून २० पर्यंतचे चौकोन एकच काळा गोळा झालेले, म्हणजे आजोबांच्या कोटाच्या सगळ्या चुण्या तिथेच बुडत होत्या! अशा वेळी गिंपच्या लेव्हल्समध्ये आउटपुटचा काळा ० वरून साधारण १५ वर आणायचा. स्क्रीनवर फोटो जरा धुरकट दिसेल, घाबरू नका, कागदावर चुण्या परत येतात. स्क्रीन तसाही खोटारडा असतो, त्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून शेजारी कोरा कागद धरा, दोन्हींचा पांढरा सारखा वाटेपर्यंत कमी करा. प्रिंट काळपट येते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा स्क्रीनच भगभगीत असतो.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा, शाई किती सोडायची हे त्यावरच ठरतं. क्वालिटी हाय, हाय स्पीड किंवा बायडायरेक्शनल (जाता-येता दोन्हीकडे छापणं) असेल ते बंद. बॉर्डरलेस (कडेपर्यंत छापणं) नको, त्यात फोटो थोडा मोठा होऊन कडा कापल्या जातात, पांढरी चौकट तशीही जुन्या फोटोला शोभते. रंगांची जबाबदारी एकाकडेच द्या, सॉफ्टवेअरकडे नाहीतर प्रिंटरकडे, दोघांनी मिळून दुरुस्ती केली की वाट लागते.

झाक घालवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ग्रेस्केलवर टिक करून मॅट कागद निवडणं. बऱ्याच प्रिंटरवर मग मुख्यतः काळी शाईच चालते, झाक जवळजवळ नाहीच, फक्त छोट्या प्रिंटमध्ये उजळ भागात ठिपके दिसू शकतात, ए फोर भिंतीवर लावला की कोणाच्या लक्षातही येत नाही. ग्लॉसीच हवं असेल तर दुसरा रस्ता, ड्रायव्हरच्या मॅन्युअल कलरमध्ये हिरवट असेल तर मजेंटा दोन-तीन पॉइंट वाढवा, गुलाबी असेल तर कमी करा, पुन्हा पट्टी, पुन्हा खिडकी. हे कंटाळवाणं आहे, मान्य. आणि खरं सांगू का, चार शायांच्या प्रिंटरवर शुद्ध करड्याच्या मागे लागून मी दोन रविवार घालवले आणि शेवटी पूर्ण फोटोलाच अगदी हलका तपकिरी टोन दिला. उबदार टोनमध्ये बारीकसारीक झाक लपून जाते आणि आत्याला तर तोच "असली" वाटला. सेपियाचं रेडिमेड बटण मात्र दाबू नका, चहा सांडल्यासारखं दिसतं.

पावसाळ्यात कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, दमट कागद वळतो आणि शाई सोडणारं हेड कडेला घासून काळे ओरखडे पडतात. उन्हाळ्यात उलटं, शाई हेडच्या बारीक भोकांत, म्हणजे नोझलमध्ये सुकते, म्हणून आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत जा आणि फोटो छापण्याआधी नोझल चेक कराच. पट्टीवर अचानक नवी झाक दिसली तर सेटिंगला हात लावायच्या आधी हेच बघा, एक रंग अर्धा बंद असतो.

फ्रेम करायच्या आधी प्रिंट पूर्ण एक दिवस उघडी सुकू द्या, आणि फ्रेमवाल्याला माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावूनच करायला सांगा, प्रिंट काचेला टेकता कामा नये. तो म्हणेल काही गरज नाही, नुसता खर्च वाढतो. आमच्याकडे तेव्हा कोणी माउंट लावला नव्हता, तो कोपरा अजून काचेलाच आहे.