छोट्या व्यावसायिकांना उपयोगी पडेल असा आधार कसा द्यावा
मोठ्या साखळी दुकानांना घाऊक खरेदीमुळे माल स्वस्त पडतो, त्यामुळे केवळ किमतीच्या स्पर्धेत छोटा व्यावसायिक सहसा मागे पडतो. म्हणून सगळी खरेदी एकदम त्याच्याकडे वळवण्याऐवजी, जिथे सल्ला, दुरुस्ती किंवा मापानुसार काम लागते तिथून सुरुवात करावी.

छोट्या व्यावसायिकाची खरी अडचण बहुधा खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी हाताशी लागणाऱ्या पैशाची असते. माल विकला जाईपर्यंत पैसा त्यात अडकून पडतो. त्यामुळे बिल वेळेवर चुकते करणे, मोठ्या मागणीसाठी आगाऊ रक्कम देणे आणि हवी ती वस्तू नसल्यास निघून न जाता मागवून घेण्यास सांगणे, या गोष्टी कौतुकापेक्षा अधिक कामाच्या ठरतात. घरपोच सेवेची अ‍ॅप सहसा दुकानदाराकडून कमिशन घेतात, म्हणून शक्य तेथे थेट फोनवर मागणी नोंदवावी.

दुकानात वस्तू हाताळून, माहिती विचारून ती ऑनलाइन मागवणे मात्र टाळावे. हा निव्वळ अन्याय आहे, असे माझे मत आहे. अभिप्राय लिहिताना ‘छान’ एवढ्यावर न थांबता काय घेतले आणि काम कसे झाले ते लिहावे. तक्रार असेल, तर ती आधी मालकालाच सांगावी, कारण तो जागेवर निर्णय घेऊ शकतो.