दोन नेटवर्कांच्या मध्ये बसलेला मेल सर्व्हर: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कामात नवख्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती मेल सर्व्हरची. माझ्याबरोबर काम शिकलेल्या बऱ्याच मुलामुलींमध्ये मी ती पाहिली आहे. वेबसाइट बंद पडली की लगेच कळतं. मेल मात्र क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेत, पडून राहतो आणि पाठवणारा तो पोचला असं समजून चालतो. म्हणून माझा आग्रह असतो की कॉन्फिगरेशनच्या ओळी पाठ करण्याआधी सर्व्हर निर्णय कसा घेतो ते समजून घ्या. हा पत्ता माझा आहे का? माझा नसेल तर तो मेल स्वीकारायची मला परवानगी आहे का? आणि स्वीकारला तर पुढे कुणाच्या हातात द्यायचा? हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या जागी लिहिलेली असतात.

प्रश्न जुनेच आहेत. एरिक ऑलमन यांनी बर्कली विद्यापीठात सेंडमेल हा मेल सर्व्हर प्रोग्राम लिहिला तोच अर्पानेट, बर्कनेट आणि यूयूसीपी अशा निरनिराळ्या नेटवर्कांमध्ये मेल जावा म्हणून. यूयूसीपीमध्ये अख्खा मार्ग पत्त्यातच लिहावा लागे: वाटेतल्या मशीनांची नावं, मध्ये उद्गारचिन्हं आणि शेवटी माणसाचं नाव. आपल्याकडे अर्नेटची, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या नेटवर्कची, सुरुवातही यूयूसीपी मेलनेच झाली. त्यातले सुरुवातीचे दुवे मुंबईत, जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये १९८७ च्या सुमारास जोडले गेले. जानेवारी १९८६ च्या आरएफसी ९७४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी नोंद, वापरून मेल कसा वळवायचा याचे नियम घातले होते. जसजसं डीएनएस, म्हणजे नावांवरून पत्ते आणि अशा नोंदी सांगणारी यंत्रणा, सगळीकडे पोचलं, तसतसं मार्ग शोधायचं काम माणसाच्या डोक्यावरून उतरलं. पण डीएनएसला ठाऊक नसलेलं आतलं नेटवर्क असलं, की मार्ग आजही आपणच सांगावा लागतो.

नेहमी भेटणारी एक मांडणी घेऊ. कारखान्याचं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं आहे आणि त्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. ऑफिसचं नेटवर्क वेगळं. मध्ये दोन नेटवर्क कार्डं असलेलं लिनक्स मशीन आणि त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर प्रोग्राम.

कारखान्याचं डोमेन या मधल्या मशीनच्या ‘मायडेस्टिनेशन’ या सेटिंगमध्ये घालायचं नाही. तिथे घातलं की पोस्टफिक्स ते डोमेन आपलं मानतो, पत्त्यातलं नाव आपल्याच यादीत शोधतो आणि ‘यूझर अननोन’ म्हणून मेल नाकारतो. त्याची जागा ‘रिले डोमेन्स’मध्ये; रिले म्हणजे दुसऱ्याचा मेल घेऊन पुढे देणं. ही झाली परवानगी. मार्ग वेगळा, तो ‘ट्रान्सपोर्ट’ टेबलात लिहायचा: या डोमेनचा मेल एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या नेहमीच्या प्रोटोकॉलने, कारखान्याच्या सर्व्हरकडे द्या. फक्त ट्रान्सपोर्ट लिहून परवानगी दिली नाही, तर बाहेरून आलेल्या मेलला ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ असं उत्तर मिळतं. नव्या माणसाला हे कोडं वाटतं, कारण त्याच्या दृष्टीने मार्ग तर लिहिलेला असतो.

ट्रान्सपोर्टमध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा. कंस नसला तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातो. डोमेनचा एमएक्स बहुधा याच मधल्या मशीनकडे बोट दाखवत असतो, त्यामुळे मेल फिरून स्वतःकडेच येतो आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘लूप्स बॅक टू मायसेल्फ’ दिसतं.

पुढचा सापळा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या सर्व्हरचं नाव होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत, आहे, पिंग चालतो, टेलनेटने पंचवीस नंबरचं, म्हणजे मेलचं, पोर्टही उघडतं; पोस्टफिक्स मात्र ‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणतो. कारण त्याचा एसएमटीपी क्लायंट मूळ सेटिंगमध्ये फक्त डीएनएसला विचारतो, होस्ट्स फाइल वाचतच नाही. ‘एसएमटीपी होस्ट लुकअप’मध्ये डीएनएसच्या जोडीला ‘नेटिव्ह’ लिहा किंवा कंसात सरळ आयपी पत्ता द्या. सर्व्हरला जे दिसतं ते आपल्याला शेलमधून दिसतं त्याहून वेगळं असू शकतं, एवढं या एका उदाहरणातून पक्कं कळतं.

सबडोमेनचंही असंच. ‘रिले डोमेन्स’मधलं नाव मूळ सेटिंगमध्ये त्याच्या सबडोमेनांनाही लागू होतं; ट्रान्सपोर्टमध्ये तसं होत नाही, तिथे नावाआधी टिंब देऊन वेगळी ओळ लिहावी लागते.

‘मायनेटवर्क्स’ भरताना हात आखडता ठेवा. त्यातल्या मशीनांना कुठेही मेल पाठवायची मुभा मिळते. ज्यांना खरोखर रिले लागतो तेवढेच पत्ते तिथे असावेत. दुसरी काळजी ‘रिले रेसिपिएंट मॅप्स’ची, म्हणजे आतल्या खऱ्या पत्त्यांच्या यादीची. कारखान्यातले खरे पत्ते मधल्या मशीनला माहीत नसतील तर ते वाटेल त्या नावाचा मेल घेतं, आतला सर्व्हर नाकारतो आणि बाउन्स, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ अशी परतीची पत्रं, खोटेपणाने वापरलेल्या पत्त्यांवर जगभर जातात. आपल्या आयपीची पत त्यातून घसरते आणि ती परत मिळवायला फार वेळ जातो.

सराव घरीच करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन आभासी मशीन, दोन वेगळी आतली नेटवर्कं, आणि डोमेनसाठी ‘डॉट टेस्ट’; आरएफसी २६०६ ने ते नाव चाचणीसाठीच राखून ठेवलं आहे. टेबल बदललं की ते पोस्टफिक्सला वाचता येईल अशा रूपात आणायला ‘पोस्टमॅप’ चालवा आणि लगेच ‘पोस्टमॅप -क्यू’ने डोमेन विचारून उत्तर तपासा. पोस्टफिक्सबरोबर येणारी ‘सेंडमेल -बीव्ही’ ही कमांड मेल न पोचवता तो कुठे गेला असता याचा अहवाल देते. मुलाखतीत ही कमांड ठाऊक असलेला उमेदवार मला लगेच वेगळा जाणवतो. लॉग वाचताना आधी ‘रिले’ आणि ‘स्टेटस’ हे दोन रकाने बघा: मेल कुणाला दिला आणि समोरच्याने काय म्हटलं. ‘डिफर्ड’ म्हणजे पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करणार, नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच दिवसांपर्यंत.

खऱ्या सर्व्हरवर बदल करताना ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवा. मग चुकीच्या ओळीमुळे मेल कायमचा परत जात नाही, क्यूमध्ये थांबतो. ओळ दुरुस्त करा, ‘पोस्टक्यू -एफ’ने क्यू हलवा, दोन्ही दिशांनी मेल पाठवून बघा. कारखान्याच्या सर्व्हरचा ‘रिलेहोस्ट’, म्हणजे बाहेरचा मेल ज्याच्याकडे द्यायचा तो सर्व्हर, मधलं मशीनच आहे ना, हेही त्याच वेळी तपासा. परतीचा मार्ग बरेचदा राहून जातो. सगळं जुळल्यावर सॉफ्ट बाउन्स बंद करा.