जुनी गुन्हेकथा पाहण्याआधी पडद्याचा पंचनामा

रहस्यकथेत सुरी टेबलाच्या कडेला पडलेली असते, सावली दाराच्या कोपऱ्यात हलते आणि खुनी ज्या हाताने पेला उचलतो तो हात अर्धवटच दिसतो. प्रेक्षकाला मिळणारा पुरावा बहुतेक वेळा चौकटीच्या काठावर असतो, तोही एक-दोन सेकंदच. त्यामुळे जुनी मालिका किंवा चित्रपट चुकीच्या आकारात, चुकीच्या वेगाने किंवा कापलेल्या प्रतीत पाहिला, तर घटनास्थळाशीच छेडछाड झाली असं समजा. कौटुंबिक मालिकेत हे खपून जाईल, इथे जात नाही.

चौकट मोजून घ्या

१९९० च्या दशकापर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मालिका ४:३ आकाराच्या पडद्यासाठी चित्रित झाल्या. आजचा टीव्ही १६:९ चा. त्याची रुंदी भरायची तर चित्र ताणावं लागतं किंवा वरून-खालून कापावं लागतं. ताणलं तर चेहरे ३३ टक्के रुंद होतात. कापलं तर उंचीतला २५ टक्के भाग जातो, आणि त्यात टेबलावरच्या वस्तू आणि हात आधी जातात.

शिवणकामाची टेप घ्या. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच असतो. त्यावर ४:३ चित्राची रुंदी ७१ सेंमीच्या आसपास आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या प्रत्येकी १२ सेंमी यायला हव्यात. ३२ इंची टीव्हीवर चित्र ५३ सेंमी, पट्टी ९ सेंमी. काळ्या पट्ट्या पाहून कपाळाला आठ्या घालणारे घरात असतातच. त्यांना हा हिशोब दाखवा.

आकडे जुळत नसतील तर टीव्हीच्या मेनूत ‘पिक्चर साइझ’मध्ये जाऊन ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. त्याच ठिकाणी ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असेल तर तोही चालू करा, नाहीतर टीव्ही चारही कडांचा थोडा भाग गिळतो. यानंतर कधीतरी वरच्या कडेला मायक्रोफोनचं टोक डोकावेल. काचेच्या नळीच्या टीव्हीवर कडा झाकल्याच जायच्या, म्हणून चित्रीकरण करणाऱ्यांनी त्याची फिकीर केली नव्हती. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरत असाल तर ‘ए’ कळ दाबत राहिल्यावर आकार बदलत जातो आणि ‘सी’ कळीने काप बदलतो.

आकार बरोबर आहे का याची खातरजमा एखादी गोल वस्तू समोरून दिसते तिथे थांबून करा: भिंतीवरचं घड्याळ, टेलिफोनची डायल, मोटारीचं चाक. पट्टीने उंची-रुंदी मोजा, दोन्ही सारखी हवी.

फाइलच कापलेली असेल तर कुठल्याही सेटिंगने गेलेला भाग परत येत नाही. ते ओळखायचं नामावलीवरून. जुन्या टीव्हीच्या कडा झाकल्या जात म्हणून नामावलीची अक्षरं चौकटीच्या मधल्या साधारण ८० टक्के भागातच ठेवत. अक्षरं वरच्या किंवा खालच्या कडेला टेकलेली दिसली तर प्रत कापलेली आहे, दुसरी शोधा.

सिनेमास्कोप म्हणजे फार रुंद पडद्याच्या चित्रपटांचं उलटं होतं. २.३५:१ चं चित्र ४:३ मध्ये कोंबलेल्या जुन्या टीव्ही-प्रतीत रुंदीतला ४३ टक्के भाग गायब असतो. चौकशीच्या प्रसंगात इन्स्पेक्टर प्रश्न विचारतो आणि संशयिताचा फक्त आवाज येतो, म्हणजे ज्याचा चेहरा बघायचा तोच चौकटीबाहेर.

डावं-उजवं

इंटरनेटवर अनधिकृतपणे चढवलेल्या प्रती पुष्कळदा आरशासारख्या उलट्या केलेल्या असतात, स्वामित्वहक्क तपासणाऱ्या यंत्रणेला चकवण्यासाठी. गुन्हेकथेत डावखुरा कोण हाच मुद्दा असेल तर सगळा उलगडा उलटा पडतो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसतातच, पण पाटी नसेल तर साडीचा पदर बघा, तो सहसा डाव्या खांद्यावर असतो. पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टीही कामाला येते: डावी बाजू उजवीवर येते. भारतीय किंवा ब्रिटिश कथेत मोटारी रस्त्याच्या उजवीकडून धावत असतील तर प्रत बंद करा आणि अधिकृत ठिकाणी जा.

काळाचा हिशोब

प्रत पूर्ण आहे का हे केवळ मिनिटांवरून कळतं, फक्त आधी वेगाची भानगड सोडवावी लागते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. भारतात आणि युरोपाच्या बऱ्याच भागात चाललेल्या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम लागत, म्हणून चित्रपट सरळ थोडा वेगात चालवला जायचा. लांबी ४ टक्क्यांनी घटते आणि आवाज पेटीवरच्या एका पट्टीच्या जवळपास पाऊणपट चढतो. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो. एवढाच फरक असेल तर काही कापलेलं नाही. ५० चे ४५ झाले असतील तर कात्री लागली आहे.

१९६० च्या दशकातल्या अमेरिकी तासाच्या मालिकेचा एक भाग साधारण ५० मिनिटांचा असायचा. पुढे जाहिराती वाढल्या आणि पुनःप्रक्षेपणासाठी दोन-चार मिनिटं काढली गेली. कापणाऱ्याला मारामारी टाकवत नाही, मग जातं ते संथ संभाषण, ज्यात साक्षीदाराने सहज बोललेलं वाक्य असतं. शेवटी डिटेक्टिव्ह त्या वाक्यावर बोट ठेवतो तेव्हा आपण ‘हे कधी झालं?’ म्हणत बसतो. ब्रिटिश टीव्हीसाठी फिल्मवर केलेल्या मालिका सहसा २५ फ्रेमनेच चित्रित झालेल्या आहेत, त्यांना चार टक्क्यांचा हिशोब लावू नका.

भारतीय चित्रपटाच्या बाबतीत तर पुरावा पहिल्याच मिनिटात पडद्यावर येतो. सेन्सॉर प्रमाणपत्र. त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा २७.४ मीटर. चित्र थांबवा, मीटरचा आकडा वाचा, २७.४ ने भागा.

समजा ३,९०० मीटर लिहिलं आहे. भागाकार १४२ मिनिटं. तुमची प्रत १४१-१४२ मिनिटांची असेल तर पूर्ण आहे. १३६-१३७ असेल तर पालच्या वेगाने चाललेली पूर्ण प्रत आहे. १२८ असेल तर एखाद-दोन गाणी आणि बरोबर आणखी काहीतरी गेलं आहे. फार जुन्या प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल, तेव्हा ९० ने भागा. प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण दिसली तर सेन्सॉरने सुचवलेले काप आधीच झालेले आहेत. मीटरचा आकडा त्यानंतरचा. मीटरऐवजी मिनिटं लिहिलेली असतील तर ते व्हिडिओ आवृत्तीचं प्रमाणपत्र आहे, त्यावरून मूळ लांबी कळत नाही. व्हीसीडीवर जास्त संशय घ्या: एका तबकडीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, आणि लांब चित्रपट दोन तबकड्यांत बसवताना काहीतरी सोडावं लागतं.

‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) या दोन्ही चित्रपटांत गाणी नाहीत. अशा प्रतीत मिनिटं कमी भरली तर गेलेलं प्रत्येक मिनिट कथेतलंच.

हालचाल

टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सॅमसंगवर तिला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ म्हणतात. ही सोय दोन खऱ्या फ्रेममध्ये खोट्या फ्रेम घालते. फिल्मवरचा पाठलाग मग लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो.

व्हिडिओ टेपवर झालेल्या मालिकांचं गणित वेगळं. पाल पद्धतीच्या टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. ती नीट जुळवली नाहीत तर पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. व्हीएलसीत ‘डी’ कळीने डीइंटरलेस (अर्धी चित्रं जुळवण्याची सोय) चालू करा आणि पद्धत ‘यादिफ २एक्स’ निवडा, म्हणजे ५० च्या ५० हालचाली टिकतात. साध्या पद्धतीत २५ च उरतात आणि स्टुडिओतला प्रसंग मूळ होता त्यापेक्षा अडखळत चालतो.

१९६०-७० च्या ब्रिटिश मालिकांत खोलीतला प्रसंग टेपवर आणि बाहेरचा १६ मिमी फिल्मवर असायचा. दार उघडून माणूस रस्त्यावर आला की चित्राचा पोत एकदम बदलतो. तो दोष समजून रंग-प्रकाश बदलत बसू नका. त्या काळी टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. ‘द अव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरकथेच्या १९६१ मधल्या पहिल्या मालिकेतले २६ पैकी बहुतेक भाग त्यामुळे आज उरलेलेच नाहीत. जे उरलंय ते खरखरीत असलं तरी तेच मूळ आहे.

मुंबई दूरदर्शनवरच्या बी. पी. सिंग यांच्या ‘एक शून्य शून्य’सारख्या मालिका कोणी घरी व्हीएचएस कॅसेटवर घेऊन ठेवल्या असतील तर ती टेप संगणकात उतरवताना ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (अर्धी चित्रं तशीच ठेवून) अशीच घ्या. डीइंटरलेस पाहताना करता येतं; उतरवतानाच केलं तर मूळ गेलं. चित्राच्या तळाशी आठ-दहा रेघा थरथरतात, त्या टेप वाचणारं व्हीसीआरचं हेड बदलण्याच्या खुणा आहेत. त्या काळ्या पट्टीने झाका, चित्र कापून मोठं करू नका.

‘फोर-के’ असं लिहिलेल्या प्रतींबद्दल एकच: ३५ मिमी फिल्मवरची मालिका खरोखर सुधारता येते, टेपवरची नाही. पालच्या टेपवर ५७६ रेघांपलीकडे काहीच नाही. बाकीचं संगणक अंदाजाने रंगवतो. चेहरे मेणाचे होतात ते एक वेळ चालेल, पण चिठ्ठीवरची अक्षरं आणि गाडीचा नंबरही तो मनाने लिहितो.

फिल्म सुधारल्यावर काय सापडतं याचा नमुना ‘कोलंबो’ या अमेरिकी पोलीस-मालिकेत आहे. या लेफ्टनंटचं पहिलं नाव कोणी कधी उच्चारत नाही, पण १९७१ च्या एका भागात तो ओळखपत्र दाखवतो तिथे थांबलं तर त्यावर ‘फ्रँक’ वाचता येतं. व्हीएलसीत ‘ई’ कळीने एकेक फ्रेम पुढे सरका.

दिवसाची रात्र

जुन्या साहसपटांत रात्रीचे बाहेरचे प्रसंग पुष्कळदा भर उन्हात, कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेऊन आणि निळसर करून चित्रित होत. जमिनीवर धारदार सावल्या दिसल्या की ओळखावं. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर चोर लख्ख दिवसा कंदील घेऊन भिंत चढताना दिसतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ लावा आणि खोलीतले दिवे कमी करा. तरीही दिवसच दिसत असेल तर प्रत उतरवणाऱ्याने तो प्रसंग काळोखा केलेलाच नाही.

सबटायटल आणि क्रम

सबटायटल सुरुवातीला जुळतात आणि दहा मिनिटांत २५ सेकंदांनी सरकतात? ती २५ फ्रेमसाठी केलेली आहेत आणि फाइल २३.९७६ ची आहे. व्हीएलसीत सबटायटल मागे-पुढे करणाऱ्या ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी हे कायमचं सुटत नाही. सबटायटल एडिटसारख्या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदला. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटलमध्ये बोलणाऱ्याचं नाव कंसात येतं. फोनवर धमकी देणारा कोण, हे तिथे फुकटात कळतं. गरज नसेल तर साधी सबटायटल घ्या.

क्रम मूळ प्रक्षेपणाचा धरा. जेरेमी ब्रेटच्या शेरलॉक होम्स मालिकेत होम्स धबधब्यात पडल्याचं दाखवणारा भाग १९८५ चा आहे, पुढची मालिका १९८६ ची, आणि मधे त्याचा मित्र वॉटसन याचा नट बदलला. उलटसुलट पाहिलं तर नवा वॉटसन कोण, इथून सुरुवात. बासू चॅटर्जींच्या ‘ब्योमकेश बक्षी’त (१९९३) सत्यवती, पुढे ब्योमकेशची बायको होणारी, पहिल्यांदा येते ती एका संशयिताची बहीण म्हणून. नंतरचे भाग आधी पाहिले असतील तर सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णींना बघताच तुम्ही तिला संशयातून मोकळं करता.

कोलंबोच्या जातीच्या कथेत खुनी आधीच दाखवतात आणि डिटेक्टिव्ह बऱ्याच वेळाने येतो. खून संपेपर्यंत फोन दूर ठेवा आणि कागदावर खुन्याची प्रत्येक कृती मिनिटासकट लिहा: दिवा कोणी घालवला, दार कुठल्या बाजूने लावलं, घड्याळात किती वाजले. मग उरलेली कथा पाहा. शेवटी तो ज्यावर बोट ठेवतो ती ओळ तुमच्या कागदावर नसेल, तर आधी प्रतीची मिनिटं मोजा.