गंजलेल्या रिलोडिंग डाय विकण्यापूर्वी
काडतुसे रिलोड करण्याच्या, म्हणजे वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याच्या, जुन्या डाय (काडतुसाला मापात आणणारे पोलादी साचे) गंजलेल्या दिसल्या, तरी त्या लगेच भंगारात काढू नयेत; गंज पुष्कळदा बाहेरच्या आट्यांवर आणि लॉक रिंगवरच (डाय जागेवर घट्ट धरणारी कडी) असतो, तर डायची खरी किंमत आतल्या गुळगुळीत पृष्ठभागात असते. म्हणून प्रत्येक डाय पूर्ण सुटी करून, आतला जुना चिकटा पुसून, विजेरीच्या उजेडात नीट पाहावी. आत गंजाने खड्डे पडले असतील तर काडतुसाच्या पितळी नळीवर (केस) ओरखडे उठतात, आणि अशी डाय विकण्यापेक्षा तिचे सुटे भाग वापरलेले बरे. बाहेरचा गंज पेनिट्रेटिंग तेलात भिजवून बारीक स्टील वूलने निघतो. आतून मात्र पॉलिश पेपर फिरवण्याचा मोह टाळावा, कारण तिथे मापात पडलेला अगदी थोडा फरकही डाय निकामी करतो. मऊ कापड आणि पॉलिशिंग पेस्ट एवढेच पुरे. व्हिनेगर वापरल्यास पोलाद काळवंडते, शिवाय नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तत्काळ तेलाचा हात द्यावा लागतो. विक्रीच्या वर्णनात डायवर कोरलेले कॅलिबर, आट्यांचे माप (बहुतेक डायवर ७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे), डीकॅपिंग पिनची (काडतुसातली वापरलेली टोपी ढकलून काढणारी पिन) स्थिती आणि उरलेले डाग स्पष्ट लिहावेत.